चौथी सीडी

पार्सल उघडल्यावर आधी सीडी मोजल्या. सात असायला हव्या होत्या, सात निघाल्या. खोक्याचे कोपरे धड होते, पुस्तिकेवर बुरशीचा डाग नव्हता. विकणाऱ्याला लगेच ‘मिळालं, आभारी आहे’ असं कळवूनही टाकलं. तीन रात्री तीन सीडी ऐकल्या. चौथ्या रात्री केस उघडली तर आत पाचवी सीडी. पाचव्या केसमध्येही पाचवीच. लेबलं सगळी एकसारखी, आकडा बारीक. मी सीडी मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या.

हा संच म्हणजे अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची डीन बेनेडेट्टीने केलेली सगळी रेकॉर्डिंग्ज, मोझेक रेकॉर्ड्स या कंपनीने १९९० साली काढलेली. सात सीडी किंवा दहा एलपी. मला तो एकोणीस वर्षं हवा होता. मी न्यू जर्सीत राहतो आणि मोझेकचं गाव, कनेटिकटमधलं स्टॅमफर्ड, इथून गाडीने फार लांब नाही. पण जवळ राहून काही उपयोग नसतो. मोझेकची पद्धतच अशी की मोठ्या कंपन्यांकडून जुन्या रेकॉर्डिंग्जचे हक्क ठरावीक काळापुरते घ्यायचे, ठरावीक प्रती काढायच्या, बहुतेक संचांवर हाताने क्रमांक घालायचा आणि प्रती संपल्या की विषय संपला. मायकल कस्कुना आणि चार्ली लौरी या दोघांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम उभं केलं. पहिला संच जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या ब्लू नोट या कंपनीसाठीच्या सगळ्या रेकॉर्डिंग्जचा होता, १९८३ सालचा. एलपीच्या आकाराचं काळं खोकं, वर कृष्णधवल फोटो, आत तेवढ्याच आकाराची पुस्तिका: कोणत्या तारखेला, कुठे, कोण कोण वाजवत होतं, एकाच गाण्याचा कोणता टेक, म्हणजे कितव्यांदा वाजवलेला, वापरला आणि कोणता बाजूला ठेवला. लौरी २००० साली गेले, कस्कुना २०२४ मध्ये. ती बातमी वाचली त्या दिवशी मी ठरवलं की बेनेडेट्टीचा संच आता शोधायचाच.

बेनेडेट्टी कोण, हे सांगायला हवं. तो स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि पार्करवर त्याचा जीव होता. १९४६ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला पार्कर कोसळला, सहाएक महिने कॅमेरिलोच्या मनोरुग्णालयात होता आणि १९४७ च्या सुरुवातीला बाहेर आला. मार्चमध्ये हाय-डी-हो क्लबमध्ये हॉवर्ड मॅगीच्या बँडबरोबर त्याचे कार्यक्रम लागले. बेनेडेट्टी तिथे तबकडी कोरणारं यंत्र घेऊन बसला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या थ्री ड्यूसेस आणि ऑनिक्स क्लबमध्ये कागदी पट्टीचा टेप रेकॉर्डर घेऊन. आणि त्याने रेकॉर्ड केला तो जवळजवळ फक्त पार्कर. पार्करने सॅक्स तोंडाला लावला की सुई खाली, त्याचा सोलो संपला की सुई वर. मॅगीचा ट्रम्पेट, पुढे माइल्स डेव्हिसचा, पियानो, सगळं गाळलेलं. काही तुकडे मिनिटभराचेही नाहीत. पार्कर १९५५ मध्ये गेला, बेनेडेट्टी १९५७ मध्ये इटलीत. त्यानंतर तीस वर्षं या रेकॉर्डिंग्जबद्दल फक्त दंतकथा होत्या. त्याने तारेवरचा रेकॉर्डर वापरला असंही लोक छातीठोकपणे सांगायचे. तो ठेवा भावाकडे सांभाळलेला होता. १९८८ मध्ये तो मोझेकच्या हाती आला तेव्हा कुठे खरं काय ते कळलं.

पहिल्यांदा ऐकताना हे सगळं फार तुटक वाटतं. सुरुवात नाही, शेवट नाही. मग हळूहळू कान बसतो. त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून स्टुडिओतला पार्कर नेहमी घाईत भेटतो. आपल्याकडच्या गवयांनी त्याच तीन मिनिटांत ख्याल बसवला, तेव्हा हे मराठी श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. क्लबात मात्र पार्कर मोकळा आहे. एकच गाणं दोन-तीन रात्रींनी पुन्हा येतं, तेव्हा कालचा एक तुकडा आज त्याने उलटा धरलेला असतो. एखाद्या गवयाने लागोपाठ तीन दिवस यमन मांडावा आणि आपण तिन्ही दिवस पहिल्या रांगेत असावं, तसं. ‘कम्प्लीट’ या शब्दाला मी भुलतो तो यासाठी. निवडक गाण्यांच्या सीडीत संपादकाला जे सर्वोत्तम वाटलं ते मिळतं. संपूर्ण संचात तो कलाकार विचार करताना ऐकू येतो.

आणि अशा संचात चौथी सीडी नाही.

विकणारा युरोपातला. त्याने माफी मागितली, निम्मे पैसे परत केले आणि सांगितलं की संच एका मयत गृहस्थांच्या घरातून आला, जास्त काही माहीत नाही. सुटी सीडी कोणी विकत नाही. दोन महिने मी रोज रात्री जेवणानंतर शोधत बसायचो. प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंज या दुकानात तीन वेळा जाऊन आलो. तिथे जॅझच्या सीडींसमोर उभं राहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते: एलपीच्या रांगांत विशीतली मुलंमुली दाटीवाटीने उभी असतात आणि सीडीच्या बाजूला माझ्या वयाचे चार लोक. अमेरिकेत २०२२ साली एलपीची विक्री नगांच्या हिशेबातही सीडीच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदा. एलपी परत आली याचा मला आनंदच आहे. पण अशा संचांसाठी सीडीसारखं दुसरं काही नाही, हे माझं ठाम मत आहे. आठ-दहा मिनिटांत चार तुकडे बदलणारं हे रेकॉर्डिंग दहा एलपींच्या वीस बाजू उलटत कोण ऐकणार? शिवाय सीडीची नक्कल मुळाशी आकड्यागणिक जुळते का, हे तपासता येतं. एलपीच्या बाबतीत ते शक्य नाही. आज सीडी स्वस्त झाल्यात आणि लोक खोकी भरभरून टाकून देतायत, त्यात असे संचही जातात. ही माझी खरी काळजी आहे.

शेवटी चौथी सीडी मिळाली ती एका चर्चच्या हॉलमधल्या रेकॉर्ड मेळ्यात. टेबलाखाली एक काळं खोकं दिसलं, तळाशी पाण्याने फुगलेलं. तळघरात पाणी शिरलं होतं, असं विकणारी बाई म्हणाली. पुस्तिकेची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती, कुबट वास येत होता. पण सातही केस बंद होत्या आणि आत पाणी गेलेलं नव्हतं. या वेळी मी प्रत्येक सीडी काढून तिच्यावरचा आकडा वाचला. मग उलटी करून आतल्या कड्यावरचा कोरीव क्रमांक पाहिला, उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं दिसतात का पाहिलं, कडेला तांबूस झाक आहे का तेही पाहिलं. ही झाक धोक्याची असते. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान निघालेल्या कितीतरी सीडी अशाच बाहेरच्या कडेने तांबूस होत गेल्या, कारण वरचा लॅकरचा संरक्षक थर सोबतच्या कागदातल्या गंधकाला टिकला नाही आणि आतला चंदेरी थर गंजला. माझ्या संचात तसं काही नव्हतं. चौथ्या सीडीवर फक्त एक लांब चरा होता.

घरी आल्यावर तिला कोमट पाणी आणि थेंबभर भांड्याच्या साबणाने धुतलं. फडकं गोल फिरवायचं नाही, मधल्या भोकाकडून सरळ बाहेरच्या कडेकडे न्यायचं. गोल फिरवून नवा चरा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनेच पडतो आणि लेझरला तो ओलांडता येत नाही. आडवा चरा सीडीची दुरुस्तीची व्यवस्था भरून काढते. मग एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी ही संगणक प्रणाली लावून रिप करायला, म्हणजे संगणकावर उतरवायला घेतली. तिच्यात प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचून दोन्ही वेळचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळतो का ते पाहता येतं. अकरा ट्रॅक सुरळीत गेले. बारावा अडला. ड्राइव्ह घरघरत मागेपुढे करत राहिला, चाळीस मिनिटं झाली, चेकसम जुळेना. सीडी काढून पुन्हा धुतली, जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली. रात्री पावणेदोनला दोन्ही आकडे जुळले.

मग अ‍ॅक्युरेटरिपशी पडताळणी. जगात ज्यांनी ज्यांनी हीच सीडी रिप केली त्यांच्या चेकसमशी आपला ताडून बघायची ही सोय आहे. माझा आकडा इतर चौघांशी जुळला. त्यांची नावं, गावं मला कधी कळणार नाहीत. पण कुठेतरी आणखी चार माणसांनी हीच चौथी सीडी ड्राइव्हमध्ये घालून ती नीट उतरली की नाही याची काळजी केली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती दगदगीमुळे नव्हे.

जास्तीच्या सीडी आणि फुगलेलं खोकं मी ओळखीतल्या एका कॉलेजातल्या सॅक्सवादक मुलाला दिलं. पुस्तिका मी माझ्या प्रतीवरून स्कॅन करून दिली, कारण कुठल्या रात्रीचा तुकडा कुठे आहे हे कळल्याशिवाय हे रेकॉर्डिंग म्हणजे नुसता ढीग आहे. फोनवर ऐकताना नेमकं हेच हरवतं. गाणं मिळतं, बास कोण वाजवतंय ते मिळत नाही.

हे सगळं चालू असतानाच ठाण्याहून आईचा फोन आला होता. “अरे, घराला रंग काढायचाय. बाबांच्या त्या टेपा कपाटात पडल्यात, त्यांचं काय करू? भंगारवाला न्यायला तयार आहे.” बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी ओरडलोच, “आई, हात नको लावूस!”

बाबांकडे ग्रुंडिगचा स्पूल रेकॉर्डर होता. साठ-सत्तरच्या दशकांत दादर-गिरगावातल्या घरगुती बैठकांना ते तो टॅक्सीत घालून न्यायचे. टेप महाग आणि बाहेरून कोणी आणून दिली तरच मिळायची. म्हणून ते कमी वेगावर रेकॉर्ड करायचे आणि मध्येमध्ये बंद करायचे. पेटीवाल्याने जागा भरली की बंद, तबल्याची लांब आवर्तनं आली की बंद, गायिका बोलायला लागली की बंद. लहानपणी मला या तुटक टेपांचा फार राग यायचा. एकदा मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं की तुम्ही सगळं बिघडवून ठेवलंय. ते काही बोलले नाहीत. बेनेडेट्टीची सुई वर उचलल्याचा तो ‘टक’ आवाज या सीडींवर ऐकल्यावर मला बाबांच्या बोटाची आठवण झाली. टेप संपायच्या आत त्यांना गाणं वाचवायचं होतं.

मागच्या डिसेंबरात ठाण्याला गेलो. एकतीस स्पूल निघाले. रेकॉर्डरमधल्या रबरी पट्ट्यांचं डांबर झालं होतं. ते खरवडून, नव्या पट्ट्या बसवून यंत्र चालू करून देणारे एक काका मुंबईत भेटले. त्यांनी एकही पैसा आगाऊ घेतला नाही. काही टेपांना व्हिनेगरसारखा वास येत होता. त्या अ‍ॅसिटेटच्या, ठिसूळ झालेल्या. त्या जलद मागेपुढे करायच्या नाहीत, एकदाच सावकाश चालवायच्या आणि तेव्हाच संगणकावर उतरवून घ्यायच्या. दोनदा टेप तुटली. कापून, चिकटपट्टीने जोडून पुढे गेलो. आई शेजारी बसून गाण्याआधीचे आवाज ओळखत होती: “हा खोकला आपल्या जोशीकाकांचा. ही कपबशी वाजली ना, ती वहिनींकडची बैठक.” मी ते सगळं मोझेकच्या पुस्तिकेसारखं लिहून घेतलं. तारीख, घर, साथीला कोण, कुठे तुटलंय, कुठे वेग बदललाय. सव्वीस स्पूल झाले, पाच राहिलेत. मूळ टेपा फेकायच्या नाहीत, कोरड्या पेटीत उभ्या ठेवायच्या, हे ताईने अंगावर घेतलंय.

सतराव्या स्पूलवर भैरवी आहे. साडेचार मिनिटं झाल्यावर ती एका तानेच्या मधोमध थांबते आणि मोकळी रीळ फिरत असल्याचा फटफट आवाज येतो. त्या टेपच्या खोक्याच्या झाकणाला आतून पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. बाबांचं अक्षर: ‘टेप संपली. पुढे १० मि. गायल्या.’ ते मी त्या फाइलच्या नोंदीत तसंच्या तसं उतरवलं आहे.