अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उड्डाणांचं नियोजन हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो: दोन विमानतळांमधलं अंतर माहीत आहे, विमानाचा वेग माहीत आहे, मग भागाकार केला की वेळ निघायला हवा ना? आणि जायला लागतो तेवढाच वेळ यायला का लागत नाही?

भागाकार बरोबर आहे, पण वेग कशाच्या तुलनेत धरलात? जेट विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं म्हणतात, ते भोवतालच्या हवेच्या तुलनेत. आणि ती हवाच वाहत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीमचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात तर अधिकच. प्रवाहातल्या होडीसारखं विमान त्यांच्याबरोबर पुढे जातं, नाहीतर त्यांच्याशी झगडत.

न्यूयॉर्क ते लंडन सुमारे ५,५५० किलोमीटर. वारा नसेल तर ६ तास १० मिनिटं. वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. लंडनकडे येताना तो पाठीशी असतो, म्हणून ५ तास ३३ मिनिटं. परत जाताना समोरून, म्हणून ६ तास ५६ मिनिटं. आता बेरीज करून पाहा. येता-जाता वाऱ्याची फिट्टंफाट होईल असं वाटतं, पण ९ मिनिटं जास्तच लागतात! कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. हा हिशेब मला अजूनही फार सुंदर वाटतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ हेच अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापून आलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नव्हता. बाकीचा वेग वादळी वाऱ्याचा.

अंतराचंही तसंच. विमानतळांमधलं म्हणून जे अंतर सांगतात ते गोल पृथ्वीवरचं सर्वांत जवळचं. विमान त्याच रेषेने जाईल असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता तो तेराच्या घरात गेला. विमानतळ होते तिथेच आहेत.

तिकिटावरचा वेळ आणखी वेगळा: विमान एका गेटवरून मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत रांगेने जाणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं. म्हणून पुढचं विमान पकडायचं असेल तर किलोमीटर मोजत बसू नका. तीच फ्लाइट गेल्या आठवड्यात रोज प्रत्यक्ष किती वाजता गेटला लागली ते पाहा, आणि जानेवारीतला अनुभव जुलैला लावू नका.