परदेशी निघालात? आधी मेडिक्लेमच्या तारखा बघा

मे संपत आला की आमच्या बडोद्यात घरोघरी एकच विषय, कोणाचा व्हिसा आला, कोणाचं लोन सँक्शन झालं, कोण कॅनडा आणि कोण जर्मनी. आयईएलटीएसला सहा-सहा महिने देतात मुलं, एसओपी, म्हणजे ॲडमिशनसाठीचा निबंध, दहा वेळा लिहितात, थेपले किती आणि गोडा मसाला किती न्यायचा यावर आई-आजी-मावशा बसून ठरवतात, आणि इन्शुरन्स म्हणजे काय तर व्हिसाच्या फाइलमधे लावायचा एक कागद, कन्सल्टन्सीवाला देईल तो. मला हे बघून खरंच काळजी वाटते. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर, म्हणजे इन्शुरन्स कंपनीने परस्पर बिल भरायची मंजुरी घेतात तिथे बसते, क्लेम कुठे अडकतो ते रोज बघते, आणि पैसे भरले नाहीत म्हणून अडकलेले क्लेम फार कमी असतात, जास्त करून तारखेवर अडकतात. पॉलिसी कधी सुरू झाली, आजार कधीपासूनचा, मधे खंड पडला का. परदेशात हेच सगळं असतं, फक्त भाषा वेगळी आणि बिलं मोठी.

यंदा माझ्या नणंदेचा मुलगा जर्मनीला निघालाय, मास्टर्सला. त्याला लहानपणापासून दमा आहे, आता बराच कंट्रोलमधे आहे पण पंप खिशात असतोच. परवा दांडिया बाजारला त्यांच्या घरी गेले तर म्हणाला, मामी, कन्सल्टन्सीवाले म्हणतात प्रायव्हेट इन्शुरन्स घे, महिन्याला तीस-पस्तीस युरोत होतं, पब्लिकचे दीडशेच्या आसपास जातात, दोन वर्षांत केवढे वाचतील बघ. मी म्हटलं फॉर्म दाखव. फॉर्मवर जुना काही आजार आहे का या प्रश्नापुढे 'नो' असं आधीच टाइप करून आलं होतं, मुलाला कोणी विचारलं पण नव्हतं, फक्त सही करायची बाकी होती.

आता जर्मनीचं नीट समजून घ्या कारण इथूनच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तिथे युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेतलेला, तीस वर्षांच्या आतला विद्यार्थी पब्लिक इन्शुरन्समधे, म्हणजे तिथल्या सरकारी व्यवस्थेतल्या इन्शुरन्समधे, स्टुडंट रेटने येतो, टीके, एओके, बार्मर ही त्यातली मोठी नावं, महिन्याला साधारण १४०-१५० युरो. दमा असो, डायबिटीस असो, ते नाही म्हणू शकत नाहीत, वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळायला थांबायचा काळ, नाही, जुन्या आजारासाठी जास्त प्रीमियम नाही. औषधाला स्वतःचे पाच ते दहा युरो, हॉस्पिटलात ॲडमिट झालं तर दिवसाला दहा युरो, ते पण वर्षाला २८ दिवसांपर्यंतच. प्रायव्हेट घ्यायचं असेल तर पब्लिकमधून सूट, म्हणजे त्यात न राहण्याची परवानगी, मागावी लागते, कोर्स सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि एकदा सूट घेतली की ती परत फिरवता येत नाही, त्या शिक्षणाच्या काळात पब्लिकमधे परत जाता येत नाही. हे वाक्य कन्सल्टन्सीच्या कागदावर मला कुठेच दिसलं नाही. महिन्याचे शंभरएक युरो वाचवायला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा हा दरवाजा बंद करतो आणि स्वस्त प्रायव्हेट पॉलिसीत जुने आजार बहुतेक वगळलेलेच असतात, म्हणजे ज्याच्यासाठी इन्शुरन्स पाहिजे तेच त्यात नाही. माझं मत विचाराल तर तीसच्या आत असाल तर पब्लिकच घ्या, दुसरा विचार पण करू नका.

आणि मग ते मधले दिवस. तिथल्या युनिव्हर्सिटीचं विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि स्टुडंट इन्शुरन्सचं कव्हर पण सेमिस्टरशी बांधलेलं असतं, पण मुलं रूम शोधायला, ओरिएंटेशनला सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पोचतात. ते तीन-चार आठवडे कोणाचे? त्यासाठी वेगळं ट्रॅव्हल हेल्थ इन्शुरन्स लागतं, किमान ३०,००० युरोचं, आणि ते विमान उतरेल त्या दिवसापासून पब्लिकचं कव्हर सुरू होईपर्यंत सलग पाहिजे, वर थोडे दिवस जास्तच घ्या कारण तिकीट आणि एनरोलमेंट दोन्ही पुढे-मागे होतात. कोणी आधी जर्मन भाषेच्या कोर्सला जात असेल तर त्याला हा स्टुडंट रेट मिळतच नाही, तेवढा काळ प्रायव्हेटच घ्यावं लागतं, म्हणून 'स्टुडंट व्हिसा आहे म्हणजे झालं' असं समजू नका.

बाकी देशांचं थोडक्यात, कारण फोन सगळ्यांचेच येतात. यूकेला सहा महिन्यांपेक्षा जास्त जायचं तर व्हिसाबरोबरच हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, स्टुडंटला वर्षाला ७७६ पाउंड, आणि तो व्हिसाच्या लांबीवर लागतो, कोर्सच्या नाही, म्हणून एक वर्षाच्या मास्टर्सला सोळा महिन्यांचा व्हिसा मिळाला की १,१६४ पाउंड एकदम जातात, हे बजेटमधे धरा. त्यात एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळते, पण दाताचं वेगळं, आणि इंग्लंडमधे औषधाच्या चिठ्ठीचे पैसे द्यावे लागतात. कॅनडात देशाचा एक नियम नाही, प्रोव्हिन्स बघायचा. ब्रिटिश कोलंबियात पोचलेला महिना आणि पुढचे दोन महिने सरकारी प्लॅन सुरूच होत नाही, तोवर प्रायव्हेट घ्यावं लागतं, ऑन्टॅरिओत सरकारी प्लॅन स्टुडंटला नाहीच, युनिव्हर्सिटीची स्वतःची व्यवस्था असते. मित्राने सांगितलं म्हणून करू नका, मित्र कुठल्या प्रोव्हिन्समधे आहे ते आधी विचारा. ऑस्ट्रेलियाला ओएसएचसी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं हेल्थ इन्शुरन्स, असल्याशिवाय स्टुडंट व्हिसाच नाही आणि ते तिथल्या पूर्ण मुक्कामाचं पाहिजे, पण जुन्या आजाराला बारा महिने थांबावं लागतं, ते ज्यांना लागू आहे त्यांनी निघायच्या आधी इथे सगळ्या टेस्ट आणि ट्रीटमेंट आटपून घ्या.

अमेरिकेचं सगळ्यात किचकट. एफ-१ ला, म्हणजे नेहमीच्या स्टुडंट व्हिसाला, सरकारचा इन्शुरन्सचा नियम नाही, युनिव्हर्सिटी ठरवते. बऱ्याच ठिकाणी त्यांचा प्लॅन फीमधे आपोआप लागतो आणि आपली पॉलिसी दाखवून वेव्हर, म्हणजे त्यांच्या प्लॅनमधून माफी, मागता येतो, पण त्याची शेवटची तारीख असते आणि इंडियातून घेतलेली पॉलिसी पुष्कळदा बसत नाही. जे-१, म्हणजे एक्सचेंज प्रोग्रामच्या व्हिसावर मात्र आकडे ठरलेले आहेत, एका आजारपणाला किमान १,००,००० डॉलर, डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण स्वतः भरायची रक्कम, ५०० डॉलरच्या वर नको. आपल्याकडे सम इन्शुअर्ड, म्हणजे एकूण कव्हर, किती एवढंच विचारायची सवय असते, तिथे डिडक्टिबल किती, कोइन्शुरन्स, म्हणजे त्यानंतरच्या बिलातला आपला वाटा, किती आणि आपल्या कॅम्पसजवळचं हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमधे आहे का हे विचारा.

नोकरीला गल्फमधे जाणारे पण आपल्याकडे खूप. यूएईत १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या अमिरातींमधे कंपनीनेच हेल्थ इन्शुरन्स द्यायचं बंधन आहे, त्याचे पैसे पगारातून कापतो म्हणणाऱ्याला हे दाखवा. ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे नोकरीला जायला इथल्या सरकारची परवानगी लागते अशा पासपोर्टवर, जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते, दोन वर्षांचे २७५ रुपये आणि तीन वर्षांचे ३७५, पण ती मुख्यतः अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाची आहे, दहा लाखांची, तिला मेडिक्लेम समजू नका.

परत आमच्या मुलाकडे. आम्ही त्या दिवशी त्याची सगळी फाइल जमिनीवर पसरून बसलो. दहावीत असताना दिवाळीत धाप लागून ॲडमिट केलं होतं, त्या डिस्चार्ज समरीवर पहिलीच ओळ 'के/सी/ओ बीए सिन्स चाइल्डहूड'. म्हणजे लहानपणापासून ब्रॉन्कियल अस्थमा. असा कागद असताना फॉर्मवर 'नो' लिहून सही केली असती आणि तिथे पहिल्याच थंडीत ॲडमिट व्हावं लागलं असतं, तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतंच कारण मिळालं असतं. म्हणून जुना आजार लिहा, छोटा वाटला तरी लिहा. त्याच्या डॉक्टरांकडून नवीन प्रिस्क्रिप्शन घेतलं, औषधांची ब्रँडची नावं नाही तर मूळ नावं, कारण अस्थालिन म्हटलं तर तिथला केमिस्ट ओळखणार नाही, साल्बुटामोल म्हटलं की लगेच कळतं. सगळं स्कॅन करून त्याच्या फोनमधे, नणंदेच्या फोनमधे आणि माझ्याकडे.

शेवटची गोष्ट इथल्या पॉलिसीची. मुलगा परदेशी गेला की लोक त्याचं नाव फॅमिली फ्लोटरमधून, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या एकत्र पॉलिसीतून, काढून टाकतात, कशाला उगाच पैसे. मला हे पटत नाही. ती पॉलिसी तिकडे चालणार नाही हे खरं, बहुतेक भारतीय मेडिक्लेम भारतापुरतेच असतात, पण तो सुट्टीत येणार, कोर्स झाल्यावर कदाचित परतच येणार, आणि तेव्हा नवीन पॉलिसी काढली तर जुन्या आजारासाठी वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून, नियमाने तीन वर्षांपर्यंत असू शकतो. शिवाय सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सोडून बाकी कुठल्या कारणाने कंपनी जुन्या माहितीवरून क्लेम नाकारू शकत नाही, ती वर्षं खंड पडला की वाया. आमच्या मुलाचं पुढच्या रिन्यूअलला पंचवीस पूर्ण होतंय, म्हणजे त्यांच्या फ्लोटरमधून तो तसाही बाहेर पडणार, म्हणून त्याच कंपनीत त्याच्या नावाची वेगळी पॉलिसी करायची, मायग्रेशन म्हणून, नवीन म्हणून नाही, म्हणजे आतापर्यंतची वर्षं मोजली जातील. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी पण नाही. नणंदेने एजंटला तसं लेखी कळवलंय, कन्सल्टन्सीचा तो फॉर्म सही न करता परत दिलाय, आणि पब्लिकचा अर्ज मुलाने परवाच ऑनलाइन भरला.