समाजमंदिराचा निधी सातबाऱ्यावर अडतो

सभागृह हवं म्हटलं की गावातली चार माणसं आमदारांचं पत्र आणायला निघतात. पत्र मिळतंही. मग फाईल पडून राहते, कारण नारळ फोडायची जागा कागदावर ग्रामपंचायतीची नसते. म्हणून उलटं जावं: आधी जागा, मग अंदाजपत्रक, शेवटी पत्र.

जागेचे घोळ आपल्याकडं ठरलेले. गायरान गावाला आपलंच वाटतं, पण उताऱ्यावर महाराष्ट्र शासन असतं. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सांगणाऱ्या, जगपाल सिंग खटल्यातल्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महसूल खातं गायरानाला सहज हात लावू देत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिथलं बांधकाम अतिक्रमणच ठरतं. देवळासमोरची मोकळी जागा कोल्हापूर भागात बरेचदा देवस्थान इनामाची, म्हणजे पूर्वी देवाच्या पूजेअर्चेसाठी दिलेली, निघते. खासदार निधीतून धार्मिक स्थळाचं काम घेता येत नाही, आणि कामाला ‘सांस्कृतिक भवन’ म्हटल्यानं उतारा बदलत नाही. राहिली तालमीला किंवा तरुण मंडळाला कुणीतरी तोंडी दिलेली जागा. तिथं स्टॅम्पपेपरवरच्या संमतीपत्रावर भागत नाही. ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करायचं, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, मंजूर करून घ्यायचा. सातबाऱ्यावर बहिणींचीही नावं आहेत हे लोकांना दुय्यम निबंधकासमोर आठवतं! गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना ८ चा उतारा, सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक.

ग्रामसभेच्या ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा आणि देखभाल ग्रामपंचायत करील हे वाक्य, एवढं असलंच पाहिजे. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा धरतात.

हेड कुठलं, म्हणजे पैसा कुठल्या योजनेतून, हे वस्तीवर ठरतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्तीत समाजमंदिर हवं असेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना सरळ पडते. शाहूवाडी, गगनबावडा, आजऱ्याकडं डोंगरी विकासाचा निधी आहे. आमदार आणि खासदार निधीची मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते, २५१५ या लेखाशीर्षाचं काम मात्र थेट मंत्रालयातून, ग्रामविकास विभागाकडून येतं. वित्त आयोगाच्या पैशावर फार भिस्त ठेवू नये. पंधराव्या आयोगात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती, उरलेल्या ४० टक्क्यांवर अख्ख्या गावाचा डोळा.

खरी फसगत रकमेत होते. पत्रात ‘१० लाख’ लिहिलं की लोक १० लाखांची इमारत मनात बांधतात. त्यातून कामाच्या किमतीवर लागणारा १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार उपकर काढला की कामाला उरतात सुमारे ८ लाख ४० हजार. विमा आणि साहित्य तपासणीचा खर्च अजून निराळा. चौरस फुटाला २,००० रुपये धरले तर ४२० चौरस फूट, म्हणजे साधारण २० बाय २१ ची खोली. भारतीय बैठकीला माणशी ८ चौरस फूट धरा, पन्नास माणसांत ती भरली. ३० बाय २० हवं असेल तर मागणीच सव्वाचौदा लाखांच्या पुढची करावी. नाहीतर ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणून सोडलेल्या कॉलमचे बार चार पावसाळे गंजत उभे राहतात, आणि त्यावर स्लॅब टाकायला कुठलाच अभियंता सही करत नाही.

अंदाजपत्रक करताना शाखा अभियंत्याला जागेवर न्यावंच. कार्यालयात बसून केलेल्या अंदाजपत्रकात पाया सगळीकडं सारखाच खोल येतो. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या काळ्या मातीत तो भेगाळतो. तिथं मुरूम लागेपर्यंत खोदाई धरावी लागते. नदीकाठच्या गावात जोत्याची पातळी २०१९ आणि २०२१ च्या पूररेषेच्या वर घ्यावी, कारण महापुरात गाव याच इमारतीत मुक्कामाला येणार. गगनबावड्याच्या पावसात सपाट स्लॅब गळणारच. शंभराला एक उतार, वॉटरप्रूफ कोबा आणि पुरेसे पावसाळी पाइप अंदाजपत्रकातच बसवून घ्यावेत.

तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश हाती येण्याआधी खोदाई केली तर बिल निघत नाही. आचारसंहितेत आदेश असूनही जागेवर सुरू न झालेलं काम थांबतं, सुरू झालेलं चालू राहतं.

बिलात कात्री लागते ती झाकल्या जाणाऱ्या कामात. पायाची खोली, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट), फुटिंगची (कॉलमच्या बुडाची) जाळी यांची मापं काँक्रीट ओतण्याआधी एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, चढली नाहीत तर नंतर कोण मोजणार? टेप लावून फोटो काढून ठेवावेत, बार आणि शटरिंगमध्ये अंतर राखणारे कव्हर ब्लॉक दिसतील असे.

पूर्णत्वाचा दाखला मिळाला की त्याच महिन्यात इमारत ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवावी आणि लाइटचं मीटर मंडळाच्या अध्यक्षाच्या नव्हे, ग्रामपंचायतीच्या नावे घ्यावं.