एक नंबर

जर्सीचे नंबर मापाप्रमाणे येतात, हे टीम हातात आल्यावर कळलं. खोका उघडला की सगळ्यांत छोट्या जर्सीवर १, मग २, असं करत आडव्या अंगाच्या पोरांसाठी १२. त्यामुळे आमच्या टीममधलं सगळ्यांत बारकं पोर आपोआप ‘एक नंबर’ झालं. ते घर नाशिककडचं. त्याच्या आईबाबांना, मला आणि माझ्या बायकोला या नावाची गंमत वाटायची. बाकीच्या दहा घरांना त्यातलं काही कळायचं नाही.

मी पोटासाठी विमा कंपनीत आकडेमोड करतो. बेसबॉल कोच होणं ही बिनपगारी नोकरी मागे लागली ती मुलीमुळे. तिला सॉफ्टबॉल नको, बेसबॉलच हवा होता. आमच्या न्यू जर्सीत ही मागणी जुनी आहे. १९७२ साली होबोकनमध्ये मारिया पेपे नावाच्या मुलीला तीन सामने खेळल्यावर घरी बसवलं होतं, प्रकरण वर गेलं आणि १९७४ पासून लिटल लीगचं, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या संस्थेचं, दार मुलींना उघडलं. तर मुलीचं नाव घातलं, आणि फेब्रुवारीत मेल आला की एका टीमला कोच नाही, कुणी पुढे आलं नाही तर बारा मुलं बाकीच्या टीमांत वाटून टाकू. मी ‘मदत करीन’ असं लिहिलं. इथं ‘मदत करीन’चा अर्थ ‘मीच करीन’ असा होतो.

पोलीस पडताळणी झाली, डोक्याला मार लागल्यावर काय करायचं याचा व्हिडिओ बघून झाला, मैदान कुणी दाताळायचं आणि चुन्याच्या रेघा कुणी मारायच्या याची पाळी ठरली. खेळाची माहिती मात्र साताऱ्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटएवढीच. पहिल्या सरावाला मी ग्लोव्ह उजव्या हातात घातला. माझ्याच पोरीनं सगळ्यांसमोर विचारलं, “बाबा, मग फेकणार कशानं?”

आमचा गट आठ-नऊ वर्षांचा. या वयात मुलं पहिल्यांदा एकमेकांना बॉल टाकतात. त्याआधी मोठी माणसं किंवा मशीन टाकतं, सगळं कसं हळू आणि सरळ. आता समोर ४६ फुटांवर एक नऊ वर्षांचं पोर, म्हणजे पिचर, आणि त्याला बॅटरसमोरच्या १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून बॉल न्यायचाय. उंचीही ठरलेली: बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत. त्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. चार बॉल झाले की बॅटर काहीही न करता चालत पहिल्या बेसवर. त्यालाच वॉक म्हणतात.

पहिल्याच सामन्यात मी बघितलं की धावा मारून होत नाहीयेत, चालून होताहेत. बॉल डोक्यावरून जातोय, टप्पा पडून येतोय, एकदा तर आमच्याच बाकाच्या दिशेनं आला. जी मुलं बॅट फिरवत होती ती बाद होत होती. जी घाबरून थिजली होती ती बेसवर पोचत होती.

माझ्यातला आकडेवाला तिथं जागा झाला. २००२ मध्ये ओकलंडच्या व्यावसायिक संघानं, जनरल मॅनेजर बिली बीनच्या हाताखाली, खेळाडू किती वेळा बेसवर पोचतो हे धरून संघ बांधला आणि लागोपाठ २० सामने जिंकले. आमच्या धंद्यात ही गोष्ट हरिपाठासारखी सांगतात. त्याहून जुनी गोष्ट एडी गेडलची. १९ ऑगस्ट १९५१ ला सेंट लुइस ब्राउन्स या संघाचा मालक बिल व्हेक यानं ३ फूट ७ इंच उंचीचा हा माणूस बॅटिंगला पाठवला. जर्सीचा नंबर एक अष्टमांश. बॅट हलवायची नाही, अशी त्याला ताकीद होती. डेट्रॉइटच्या पिचरनं टाकलेले चारही चौकटीच्या वरून गेले आणि गेडल पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी लीगनं त्याचा करार रद्द केला, तो भाग मी त्या वेळी फारसा मनावर घेतला नव्हता.

आणि माझ्याकडे एक नंबर होता. थोडा वाकून उभा राहिला की त्याची चौकट जेमतेम चपलांच्या खोक्याएवढी.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “तू फक्त उभा राहायचं. बॉल नीट बघायचा. मी टोपीला हात लावला की मारायचं नाही.” तिसऱ्या बेसच्या बाहेर कोच उभा राहतो, तिथून खुणा करतो. मी दर वेळी टोपीला हात लावायचो. चार-पाच सामन्यांनंतर त्यानं माझ्याकडे बघणंच सोडून दिलं, कारण दुसरी खूण कधी यायचीच नाही.

योजना चालली की हो! एक नंबर चालत जायचा, मागून येणाऱ्या मुलांचा टोला बसला की घरी, म्हणजे सगळे बेस फिरून परत प्लेटवर, यायचा. प्रत्येक बॉल सोडला की बाकावरून आणि खुर्च्यांवरून ओरडा व्हायचा, “गुड आय! गुड आय, बडी!” म्हणजे नजर छान आहे. आम्ही सामने जिंकत होतो. एका आईनं मला सांगितलं, तुम्ही त्या मुलाचा आत्मविश्वास किती वाढवलात!

त्याची आजी एप्रिलात नाशिकहून आली, सहा महिन्यांसाठी. सामन्याला घडीची खुर्ची टाकून, स्वेटरवर शाल गुंडाळून बसायची. एकदा मुलांसाठी चिक्की घेऊन आली. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी एका मुलाला असल्यामुळे ती परत न्यावी लागली, पुढच्या वेळी राजगिऱ्याचे लाडू आले. आजींच्या तिसऱ्या-चौथ्या सामन्यानंतर मी बेस उपटून पिशवीत भरत होतो, तिथं त्या आल्या.

“सर, एक विचारू का? हा मारत का नाही?”

मी त्यांना समजावलं. वॉक म्हणजे काय, चौकट म्हणजे काय, शंभरातल्या किती वेळा तो बेसवर पोचतो. हातवारे करून, अगदी कंपनीत साहेबाला सांगतो तसं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे नुसतं उभं राहायचं काम,” त्या म्हणाल्या. “आमच्या मळ्यात बुजगावणं उभं करतात तसं.”

मी हसलो. “तसं नाही, काकू.”

“त्याच्याही हातात काठी असतेच की.”

रात्री बायको स्कोअरबुक घेऊन बसली होती. स्कोअरर तीच, मी जो गोंधळ घालतो तो कागदावर नीट मांडायचं काम तिच्याकडे. बेसबॉलच्या वहीत स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाल्याला, इंग्रजी ‘के’ लिहितात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविकनं रूढ केली. तो मुळात क्रिकेटचा बातमीदार, हे वाचून मला जरा आपलेपणा वाटला होता. मारायला जाऊन चुकला तर के सरळ. तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहून बाद झाला तर के उलटा, आरशात दिसतो तसा.

“हे बघ,” बायको म्हणाली. एक नंबरची अख्खी ओळ तिनं बोटानं दाखवली. सत्तावीस वेळा बॅटिंगला आला. अठरा वॉक. एकदा बॉल पाठीत बसला म्हणून बेस मिळाला. आठ के, आणि आठच्या आठ उलटे. आमच्या पोरीच्या ओळीत के भरपूर होते, पण सरळ. बाकीच्यांचेही बहुतेक सरळच.

सत्तावीसपैकी एकोणीस, म्हणजे हजारात सातशे चार. असा आकडा लीगमध्ये कुणाचा असेल असं वाटत नाही. मी तो मनातल्या मनात काढला आणि, खोटं कशाला सांगू, क्षणभर खूशही झालो.

मंगळवारच्या सरावाला मी त्याला टीवर घेतला. टी म्हणजे रबराचा उभा दांडा. त्यावर बॉल ठेवायचा आणि मारायचा, पाच वर्षांची मुलं त्यावरच शिकतात. बाकीच्यांना मदतनीस बाबांकडे पाठवलं. बॉल ठेवला. तो बॅट खांद्यावर घेऊन, गुडघे वाकवून, शिकवलं होतं तसा उभा राहिला.

“मार.”

त्यानं बॉलकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं. बॅटचं टोक किंचित हललं आणि परत खांद्याला लागलं. मला वाटलं ऐकलं नसेल. पुन्हा म्हटलं, मार. मग त्यानं माझ्याकडे तोंड वळवून अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “कोच, हा स्ट्राइक आहे का?”

दांड्यावर ठेवलेला बॉल. हलत नव्हता, कुठे जाणार नव्हता.

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. पुढचे दोन आठवडे प्रत्येक सरावाला अर्धा तास आधी त्याला बोलावलं. पहिल्या दिवशी टी. मग मी गुडघ्यावर बसून बाजूनं अलगद उडवलेले बॉल. तो डोळे मिटून फिरवायचा, आणि नेहमी उशिरा. बॉल माझ्यामागच्या जाळीत जाऊन पडला की मग बॅट यायची. पण यायची. ज्या दिवशी पहिल्यांदा लागला त्या दिवशी हातांना झिणझिण्या आल्या म्हणून त्यानं बॅट टाकून दिली आणि तळवे निरखत बसला. बॉल बॅटला नीट लागला तर हाताला काही कळत नाही, आणि चुकीचा लागला की हात झणझणतात, हे मी त्याला सांगितलं. क्रिकेटमध्येही तसंच.

सामन्यांत मात्र मी टोपीला हात लावायचं थांबवलं नव्हतं. प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचायचं होतं ना.

जूनच्या पहिल्या शनिवारी प्लेऑफचा पहिला सामना. संध्याकाळचे सात, शेवटची इनिंग. आम्ही ७, ते ८. आमचे दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. त्यांचा पिचर दमला होता. नऊ-दहा वर्षांच्या मुलानं दिवसात ७५ च्या वर बॉल टाकायचे नाहीत असा नियम आहे, एखाद्या बॅटरची पाळी अर्ध्यावर असेल तर तेवढी संपवता येते. त्याचे ७१ झाले होते, आणि लागोपाठ दोघांना त्यानं वॉक दिले होते. आता बॅटिंगला एक नंबर.

माझ्यासारख्याला यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पिचर थकलेला, चौकट खोक्याएवढी, एक वॉक मिळाला की सगळे एकेक बेस पुढे आणि बरोबरी. समोरच्या कोचनं हताशपणे टोपी काढून डोकं खाजवलं, म्हणजे त्यालाही गणित येत होतं.

एक नंबरनं, किती तरी दिवसांनी, माझ्याकडे बघितलं.

मी टोपीला हात लावला. बॉल एक. पुन्हा लावला. बॉल दोन. खुर्च्यांवरून “गुड आय” सुरू झालं. तिसऱ्यांदा लावला. हा सरळ चौकटीतून आला, स्ट्राइक. पोरानं परत माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती वगैरे काही नव्हती. कंटाळा होता. दुकानाच्या रांगेत आईबरोबर उभ्या असलेल्या पोराचा असतो तो.

मी दोन्ही हात खिशात घातले.

तो वाट बघत राहिला. अंपायरनं त्याला आत उभं राहायला सांगितलं तरी मान माझ्याकडेच. मी मान हलवली.

पुढचा बॉल त्यानं मारायला घेतला आणि चुकला, बॅटबरोबर स्वतःही गोल फिरला. खुर्च्या गप्प झाल्या. दोन बॉल, दोन स्ट्राइक. त्याच्या पुढचा मात्र लागला. टण् असा अल्युमिनियमचा आवाज, आणि बॉल त्याच्या मागे, कॅचरच्या डोक्यावरून सरळ उंच जाळीत. फाउल. इथं मागे गेलेल्याला काही किंमत नाही. त्या शांततेत एकच माणूस उठून टाळ्या वाजवत होतं.

“चौका!” काकू ओरडल्या. “अरे, चौका!”

साताऱ्यात खरोखरच चार मिळाले असते. कीपरच्या डोक्यावरून.

शेवटचा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. सोडला असता तर तीन-दोन झाले असते, आणि बहुधा वॉकही. त्यानं झपकन बॅट फिरवली, दोन आठवड्यांत पहिल्यांदाच वेळेवर, फक्त बॉल बॅटच्या वीतभर वर होता. कॅचरनं पकडला. मोसम संपला.

दोन्ही टीमांनी रांगेत हात मिळवले, गुड गेम, गुड गेम. दोन-तीन मुलं रडली, त्यात आमची पोरगी होती. एक बाबा खुर्ची घडी करता करता, मला ऐकू येईल अशा बेतानं बायकोला म्हणाले, उभा राहिला असता तरी चाललं असतं. त्याच रात्री त्यांचा सविस्तर मेसेजही आला. त्यातलं गणित बरोबर होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण मला त्यात चूक सापडेना.

मी बेस गोळा करून आलो तर एक नंबर स्कोअररच्या टेबलाशी उभा होता, हेल्मेट तसंच डोक्यावर.

“माझं काय लिहिलं?”

बायकोनं वही त्याच्याकडे फिरवली. त्यानं आपली ओळ शोधली. नावावरून नव्हे, नंबरावरून. शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं, मग मागे एकेका उलट्या केवरून फिरवत नेलं आणि परत पुढे आणलं.

“हा सरळ आहे.”

“हो,” बायको म्हणाली.

“आणि तो मागे गेला तो?”

“फाउल नाही लिहीत रे मी.” त्याचं तोंड बघून तिनं पेन्सिल उचलली आणि केच्या शेजारी एक बारीक टिंब दिलं. त्यानं ते जवळून पाहिलं आणि “आजी!” म्हणत पार्किंगकडे धूम ठोकली. बॅट टेबलाखालीच राहिली.