पाण्याची वारी

आळंदीची इंद्रायणी, पुण्यात मुळा-मुठा, दिवेघाट चढून गेल्यावर सासवडची कऱ्हा, मग नीरा. माउलींच्या वाटेवरच्या या सगळ्या नद्या शेवटी भीमेलाच मिळतात. इंद्रायणी तुळापूरला, नीरा नरसिंहपूरला, कऱ्हा नीरेच्या सोबतीनं. म्हणजे वाटेवरचं पाणीसुद्धा पंढरीलाच निघालेलं! हे ध्यानात आल्यापासून माझं लक्ष सारखं नद्यांकडेच होतं.

नीरेच्या दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरली. फलटणपर्यंत ढग नुसते डोक्यावरून पळत होते. सह्याद्री पाऊस आपल्याकडेच ठेवून घेतो. भीमा उगम पावते त्या भीमाशंकरच्या डोंगरात तो धो धो कोसळतो, तर पंढरपुरात वर्षाकाठी जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. चंद्रभागा, म्हणजे पंढरपुरातली भीमाच, वाहते ती दूरच्या पावसावर.

माळशिरस तालुक्यात रस्त्यालगत ऊसच ऊस. ही नीरा उजव्या कालव्याची किमया. पण पाटाचं पाणी चढत नाही तिथून माळरान सुरू होतं. नातेपुत्याच्या अलीकडे एका बाईंनी दारात प्लास्टिकचं पिंप मांडलं होतं. तांब्या बुडवून प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी ओतत होत्या. ते टँकरचं होतं, चार दिवसांतून एकदा येणारं. मी ओंजळ आखडती घेतली, तर म्हणाल्या, "पोटभर प्या माउली, आमचं भागंल."

आमच्या दिंडीतले विणेकरी आजोबा हे ऐकून बराच वेळ गप्प चालले. मग १९७२ चं सांगू लागले. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, पण वारी चुकवली नाही.

पंढरपुरात चंद्रभागेला पाणी होतं, कारण वारीसाठी उजनीतून सोडलं होतं. १९८० साली पूर्ण झालेलं हे धरण ११७ टीएमसीचं (म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं). पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून याच धरणात येतं. पुंडलिकाच्या देवळापाशी लोक तेच पाणी डोळे मिटून तीर्थ म्हणून घेत होते. मला फार वाईट वाटलं. पिंपातलं पाणी वाटणाऱ्या त्या बाईही उद्या इथं येऊन हेच तीर्थ घेणार.

पुढच्या वर्षी पुण्याच्या मुक्कामी दिंडीतल्या सगळ्यांना मुठेच्या काठावर न्यायचं, असं आजोबांशी बोलणं झालंय. कीर्तन तिथंच करू म्हणतात.