हॉट प्लेट कंट्रोलर: इंटिग्रल खाणारा चोर सापडला

१८३ अंश मागितले तरी प्लेट १७० च्या आसपास अडकत होती, ते कोडं एकदाचं सुटलं. तापमान मोजणारा थर्मिस्टर आणि हीटर चालू-बंद करणारा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) दोन्ही निर्दोष. पीआयडीतला (तापमान राखणाऱ्या हिशोबातला) इंटिग्रल, म्हणजे हव्या आणि प्रत्यक्ष तापमानातल्या फरकाची बेरीज, साठतच नव्हता, म्हणून त्याचा गुणक केआय कितीही वाढवला तरी फरक पडत नव्हता.

अशा तपासाआधी हीटरचा २३० व्होल्टचा पुरवठा काढून ठेवाच. ब्रेकपॉइंटवर (ठरल्या ओळीवर कोड थांबवणाऱ्या खुणेवर) मायक्रोकंट्रोलरचा कोअर थांबतो, पण एसएसआर चालवणारी जीपीआयओची पिन होती त्याच स्थितीत राहते. एसएसआर चालू असताना थांबलात तर प्लेट तापतच राहील. पुरवठा काढल्याने चाचणीही स्वच्छ होते: थंड प्लेटवर फरक १५८ अंश, फेरी ०.१ सेकंदाची, म्हणजे इंटिग्रल दर फेरीला १५.८ ने वाढायला हवा.

बेरजेच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. बिल्ड ओजी ऑप्टिमायझेशनवर (कंपायलरची डीबगिंगला सोयीची पातळी), कारण जास्त आक्रमक ओ२ वर निम्मी व्हेरिएबल्स गायब दिसतात आणि ब्रेकपॉइंट भलत्याच ओळीवर सरकतो. बेरजेचं उत्तर रजिस्टरमध्ये बरोबर १५.८ आलं, मेमरीत लिहिलंही गेलं. पण जीडीबी या डीबगरला इंटिग्रल विचारला तर ४.३९ गुणिले १० चा उणे ३४वा घात!

मग वॉचपॉइंट, म्हणजे ठरल्या पत्त्यावर काही लिहिलं गेलं की थांबवणारा सापळा. इथेच तपास सर्वांत जास्त भरकटला. तो दर वेळी पीआयडीच्या त्याच ओळीपाशी थांबायचा. जुनी किंमत ४.३९, नवी ४.४५, घात तोच. दोष त्या बिचाऱ्या बेरजेवर येत होता. कॉर्टेक्स-एम३ कोअरमधला डीडब्ल्यूटी (वॉचपॉइंट सांभाळणारा भाग) फक्त कोअरचे वाचन-लेखन पाहतो, डीएमएने (कोअरला न विचारता मेमरीत डेटा हलवणाऱ्या भागाने) केलेले लेखन त्याला दिसतच नाही. शिवाय तो लिहिण्याच्या सूचनेनंतर एखाददोन सूचना पुढे जाऊन थांबतो. जीडीबी किंमत वाचायला पोचेपर्यंत डीएमए पुन्हा लिहून मोकळा झालेला असतो.

उलगडा झाला तो जीडीबीच्या मेमरी दाखवणाऱ्या एक्स कमांडने. त्या चार बाइट्स फ्लोट म्हणून न वाचता दोन हाफवर्ड (१६ बिटांचे आकडे) म्हणून वाचल्या, तर २०६५ आणि २०६६. १०० के (किलोओम) थर्मिस्टर, १०० के पुल-अप, खोलीचं तापमान: १२ बिट एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं) वाचन साधारण २०४८ च्या जवळ असणारच! कोअर थांबलेला असतानाच कमांड पुन्हा दिली तर आकडे बदलले. कोअर थांबला तरी डीएमए आणि एडीसी चालूच असतात. हा पुरावा फार सुंदर होता.

कारण साधं निघालं. एडीसी बफर १६ हाफवर्डचा, पण डीएमए सुरू करण्याच्या ओळीत लांबी म्हणून साइझऑफ (बाइट्समधला आकार), म्हणजे ३२. हॅल या चिपच्या लायब्ररीला तिथे बाइट्स नकोत, वाचनांची संख्या हवी. बफर संपल्यावर ८ बाइट्सवर इंटिग्रल बसलेला. १२ मेगाहर्ट्झ घड्याळ, २३९.५ सायकलचं सॅम्पलिंग, म्हणजे एक वाचन २१ मायक्रोसेकंदांचं आणि ३२ वाचनांचा फेरा ६७२ मायक्रोसेकंदांचा. पीआयडीच्या एका फेरीत इंटिग्रल शंभरहून अधिक वेळा पुसला जात होता. खात्री करायची तर डीएमए१ च्या पहिल्या चॅनलचं सीएनडीटीआर (शिल्लक वाचनांची संख्या दाखवणारं) रजिस्टर वाचा. तिथे २७ दिसलं. १६ च्या बफरला २७ वाचनं शिल्लक कशी असतील?

लांबी १६ केली आणि इंटिग्रल १५.८, ३१.६, ४७.४ असा चढू लागला. हीटर जोडल्यावर प्लेट १८३ ओलांडून थेट १९६ वर गेली, कारण केआय आधीच भरमसाट वाढवलेला. ते ओव्हरशूट पाहूनही आनंदच झाला.

ब्ल्यू पिल (एसटीएम३२एफ१०३ चिपचा छोटा बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी: फ्लॅशमधल्या कोडसाठी हार्डवेअर ब्रेकपॉइंट सहाच मिळतात. पाचच वापरा. सहाही अडकले की जीडीबीच्या नेक्स्ट आणि फिनिश कमांड चालत नाहीत, कारण त्यांनाही तात्पुरता ब्रेकपॉइंट लागतो. अट घातलेला ब्रेकपॉइंट एडीसीच्या इंटरप्टमध्ये लावू नका. अट जीडीबी तपासतो, त्यासाठी कोअर दर वेळी थांबतो आणि टायमिंगचा बोजवारा उडतो. अट सी मध्येच लिहून आत बीकेपीटी (कोडमधूनच कोअर थांबवणारी) सूचना टाका. डीबगर जोडलेला नसेल तर तीच सूचना हार्डफॉल्ट (प्रोग्राम अडकवणारी गंभीर चूक) देते, म्हणून आधी डीएचसीएसआर रजिस्टरचा शून्यावा बिट (डीबगिंग चालू आहे का) तपासा. चिप क्लोन निघाली आणि ओपनओसीडीने (जीडीबी आणि चिप यांना जोडणाऱ्या प्रोग्रामने) अनपेक्षित आयडीकोड म्हणून नकार दिला, तर कॉन्फिगमध्ये सीपीयूटॅपआयडी, म्हणजे अपेक्षित आयडी, बदला. यूएसबी काडीसारखे स्वस्त एसटी-लिंक (डीबगिंगचे जोडणी-यंत्र) या कामाला पुरतात, फक्त वायर आखूड ठेवा.

पुढे बफरमागे राखीव खुणेचे ८ बाइट्स ठेवायचा बेत होता. लिहिता लिहिता त्याहून बरं सुचतंय: लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीत काय कुठे बसेल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) डीएमएचे बफर २० केबी रॅमच्या अगदी शेवटी न्यायचे आणि स्टॅक त्यांच्या खाली. मग डीएमए हद्द ओलांडताच राखीव पत्त्यावर आदळेल, टीईआयएफ (डीएमएची चूक दाखवणारा) झेंडा उठेल आणि चॅनल आपोआप बंद पडेल. त्या इंटरप्टमध्ये बीकेपीटी ठेवला की चोर जागेवरच पकडला जाईल. आधी हे करून पाहायचं, केआयचं ट्यूनिंग त्यानंतर.