जी-३१ अपडेट: ड्रायव्हर निर्दोष, पाच व्होल्ट बेपत्ता

मंडळी, जी-३१ वर, म्हणजे इंटेलच्या जी-३१ चिपसेटच्या आमच्या जुन्या संगणकावर, अखेर १३६६×७६८ ठिपक्यांचं (पिक्सेलचं) चित्र आलं! लिनक्सात आलं, विंडोज एक्सपीत आलं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही टिकलं. कपॅसिटर बदलल्याची नोंद ज्यांनी वाचली आहे त्यांना पुढचं माहीत आहे: मदरबोर्ड स्थिर झाला, पण सतरा इंची सीआरटीचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचा, ईएचटी (उच्च व्होल्टेज देणारा भाग) गेला. त्याच्या जागी साडेअठरा इंची सेकंडहँड एलईडी मॉनिटर आणला आणि तेव्हापासून सगळं आडवं ताणलेलं दिसत होतं. या नोंदीत त्या एकाच दुखण्याबद्दल लिहितोय, कारण बाकी कामं त्याच्यापायी अडून राहिली होती.

ताणलेलं चित्र एवढं मनाला का लागावं, तेही सांगतो. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी हे मशीन अजून कामाचं आहे. आप्पांनी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उचगावच्या मळेकरणीच्या यात्रेची पत्रकं, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अशी निमंत्रणं, सगळं याच मशीनवर पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलं. पेजमेकरची ती शेवटची आवृत्ती, २००१ ची; तिला युनिकोड कळत नाही. फाइली जुन्या फॉन्टांतल्या आहेत, नव्या लॅपटॉपवर उघडल्या की अक्षरांची नुसती खिचडी होते. फॉन्टच्या पॅकेजचा हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय पॅकेज चालत नाही तो डोंगल) प्रिंटर पोर्टला लागतो, तेव्हा लिनक्सवर वाइनमध्ये, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवण्याचा विचारही मागे पडला. म्हणजे एक्सपी हवंच, आणि पडद्यावर अक्षर खऱ्या मापाचं दिसायला हवं.

आता हिशोब बघा. संगणक १०२४×७६८ चं चित्र पाठवत होता आणि पडदा १३६६×७६८ चा; १०२४ ठिपके १३६६ वर पसरले की उभी उंची तीच राहते आणि रुंदी जवळपास एक तृतीयांशाने वाढते. गणपतीच्या चित्राभोवतीचं वर्तुळ अंडाकृती होतं. दोन अक्षरांमधली जागा डोळ्याने ठरवायची सवय असलेल्या माणसाला पडद्यावर काहीच भरवशाचं उरत नाही. आप्पा दर वेळी कागदावर प्रूफ काढून बघत होते. ते मला बघवत नव्हतं.

ड्रायव्हरचं प्रकरण थोडक्यात. सेफ मोडमध्ये जाऊन जुना काढला, आधी चिपसेटची आयएनएफ (विंडोजला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) टाकली, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर. हा क्रम पाळलाच पाहिजे, नाहीतर पिवळं उद्गारचिन्ह जात नाही. बोर्डाबरोबर आलेली सीडी ओरखड्यांनी भरलेली, म्हणून इंटरनेट आर्काइव्हवरची प्रत घेतली. तिथे बोर्डांच्या सीड्यांच्या अख्ख्या प्रतिमा ठेवणाऱ्या अनोळखी मंडळींचे उपकार मानावे तेवढे थोडे. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र या वयाच्या मशीनला चुकूनही लावू नका. ती भलत्याच आवृत्त्या टाकतात आणि वर स्वतःचं ओझं मागे ठेवून जातात.

ड्रायव्हर स्वच्छ बसला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उद्गारचिन्ह नाही, रंग ३२ बिट, व्हिडिओ सुरळीत. तरी यादीत ४:३ आणि ५:४ वाले मोडच. १२८०×१०२४ लावलं की मॉनिटर "आउट ऑफ रेंज" म्हणून काळा. आणि मॉनिटरच्या नावाच्या जागी दोन शब्द: "डिफॉल्ट मॉनिटर".

इथे थांबून ते दोन शब्द नीट वाचायला हवेत. मॉनिटरने आपली ओळख सांगितली असेल तर एक्सपी तिथे "प्लग अँड प्ले मॉनिटर" लिहितं. "डिफॉल्ट" याचा अर्थ समोर कोण आहे हे त्याला कळलेलंच नाही. खात्रीसाठी लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. कोअर टू ड्युओ चौसष्ट बिटचा असल्याने आजचं डिस्ट्रोही (लिनक्सची तयार आवृत्ती) बूट होतं, फक्त दोन जीबी रॅममुळे ब्राउझर उघडायचा नाही. तिथेही वर मर्यादा १०२४×७६८ चीच. मॉनिटरची माहिती मिळाली नाही तर लिनक्स कर्नल व्हीजीएला, म्हणजे मॉनिटरच्या पंधरा पिनांच्या जोडणीला, तेवढ्यापर्यंतचेच सुरक्षित मोड देतं. सिस्टिमच्या डीआरएम (ग्राफिक्सच्या) विभागात व्हीजीए-१ ची ईडीआयडी, म्हणजे मॉनिटरच्या ओळखीची फाइल उघडून पाहिली: शून्य बाइट.

दोन वेगळ्या सिस्टिम, दोन वेगळे ड्रायव्हर, आणि आंधळेपण दोघांचं सारखंच. तिथेच ड्रायव्हरच्या फोल्डरला रामराम केला आणि मल्टीमीटर काढला.

नव्यांसाठी एवढंच: ईडीआयडी म्हणजे मॉनिटरमधल्या छोट्या मेमरीत ठेवलेली १२८ बाइटची ओळख. कंपनी, मॉडेल, पडद्याचं माप, चालणारे मोड, आणि शेवटी चेकसमचा एक बाइट. सगळ्यांची बेरीज २५६ ने नि:शेष भागली गेली तर माहिती शाबूत. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी १, २, ३ वर रंग, १३ आणि १४ वर सिंक. चित्राला एवढं पुरतं. ओळख विचारण्याच्या तारा वेगळ्या: १२ वर डेटा, १५ वर क्लॉक आणि ९ वर संगणकाकडून जाणारे पाच व्होल्ट. म्हणून चित्र अगदी लख्ख असूनही संवाद पूर्ण बंद असू शकतो. हा दोष हुबेहूब ड्रायव्हरच्या दोषासारखा दिसतो, म्हणून त्यात माणूस गुरफटतो.

पहिला संशय केबलवर. मॉनिटरबरोबर मिळालेली केबल बारीक, हलकी. मल्टीमीटरची कंटिन्युइटी (तार सलग असेल तर बझर वाजवणारी चाचणी) लावली तर १२ नंबरची पिन दोन्ही टोकांना दिसते, पण मध्ये तारच नाही! पिन बसवायची आणि तार गाळायची, हा स्वस्त केबलांमधला नेहमीचा प्रकार. केबल घेताना दुकानातच बझर लावून १२, १५ आणि ९ तपासा; दुकानदार कुरकुरला तरी तपासा. मी दोन्ही टोकांना फेराइटचा गोळा असलेली जाड केबल शोधून आणली, बझर सगळीकडे वाजला. जोडली, बूट केलं... पुन्हा डिफॉल्ट मॉनिटर. त्या रात्री खरंच जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी केबल काढून थेट बोर्डाच्या सॉकेटवर मोजलं. काळा प्रोब कॅबिनेटच्या पत्र्याला, लाल सुईटोकाचा. सुईटोकाचे प्रोब घ्याच. जाड टोकाने दोन पिना एकत्र चिकटल्या तर भलतंच होतं. मधल्या ओळीतली चौथी, म्हणजे ९ नंबर: पाच व्होल्ट हवेत, मिळाले शून्य. खालच्या ओळीतल्या १२ आणि १५: स्वस्थ असताना त्यांनी पाच व्होल्टच्या जवळ राहायला हवं, कारण बोर्डावरचे रेझिस्टर त्यांना वर ओढून धरतात. त्याही शून्यावर.

तिन्ही एकदम मेल्या म्हणजे तिघींचा उगम एकच. व्हीजीए सॉकेटच्या मागे भिंगातून शोधलं, तर कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाग दिलेला) फ्यूज. एका बाजूला पाच व्होल्ट, दुसऱ्या बाजूला काही नाही. हा पॉलिफ्यूज जातीचा. जास्त करंट गेला की तापून अडवतो आणि थंड झाला की पुन्हा वाट मोकळी करतो. पण हा गार असतानाही उघडाच होता, आणि एका टोकाला केसाएवढी चीर दिसत होती. ती चीर दिसली तेव्हा झालेला आनंद फक्त तुम्हालाच कळेल.

फ्यूज भंगारातल्या एका मेलेल्या, इंटेल ९४५ चिपसेटच्या बोर्डावरून घेतला. आमच्याकडे असे बोर्ड किलोवर मिळतात, आणि सुट्या भागांसाठी बंगळूरच्या एसपी रोडवरून कुरिअर मागवण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं. भाग मूळचा, तपासून घेता येतो. माझ्याकडे हॉट एअर (गरम हवेने डाग वितळवायचं यंत्र) नाही, म्हणून खडे बाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे दोन्ही बोर्ड घेऊन गेलो. "ह्यात काय हाय, दोन मिंटाचं काम की हो," म्हणत त्याने आधी शेजारच्या प्लॅस्टिकला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा) लावला, मग हात घातला. टेप लावणारा माणूस दिसला की मी निश्चिंत होतो. मोबाईलवर हात बसलेली ही मुलं जुन्या बोर्डांवरही सोन्यासारखं काम करतात. आपल्या छंदातल्या लोकांनी त्यांच्याशी ओळख ठेवावी.

घरी येऊन मोजलं: ९ वर पाच, १२ आणि १५ पण वर. लिनक्स बूट केलं आणि लॉगिनचा पडदाच काठोकाठ, योग्य रुंदीत उमटला. ईडीआयडीची फाइल १२८ बाइट. पहिले आठ बाइट बघितले: शून्य, मग सहा वेळा एफएफ, मग शून्य. चेकसम बरोबर.

एक्सपीनेही आता "प्लग अँड प्ले मॉनिटर" लिहिलं. पण यादीत १३६०×७६८! सहा ठिपके कमी. ऐकायला क्षुल्लक, पण पडद्याच्या १३६६ उभ्या रांगांवर १३६० पसरले की मध्ये मध्ये अक्षराची उभी दांडी धूसर होते, आणि देवनागरीत दांडीला तर तोटा नाही. यामागचं कारण जुनं आहे. टायमिंगची सूत्रं रुंदी आठच्या पटीत धरतात. १३६६ ला आठने भाग जात नाही, १३६० ला जातो. लिनक्समधली टायमिंग काढून देणारी सीव्हीटी आज्ञासुद्धा १३६६ मागितलं की १३६८ हातात ठेवते. ईडीआयडीतल्या छोट्या दोन बाइटच्या नोंदीत १३६६ लिहिताच येत नाही. ते फक्त १८ बाइटच्या सविस्तर टायमिंगमध्ये, म्हणजे डीटीडीत लिहिता येतं.

मग ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये डीटीडी_१ ची ओळ हातानेच भरायचं ठरवलं. बाइट लिनक्सात मॉनिटरकडूनच वाचून घेतले होते. पहिले बारा असे: ६६ २१ ५६ एए ५१ ०० १ई ३० ४६ ८एफ ३३ ००. पहिले दोन उलटे वाचा: २१६६ हेक्स म्हणजे ८५५०, एकक दहा किलोहर्ट्झ, तर पिक्सेल क्लॉक ८५.५ मेगाहर्ट्झ. पुढे ५६ आणि ५१ मधला ५ जोडला की ५५६ हेक्स, म्हणजे १३६६. एए आणि तिथलाच १ जोडला की रिकामी जागा ४२६. आडवी एकूण १७९२, उभी ७६८ अधिक ३०, म्हणजे ७९८. भागाकार करा, ५९.८ हर्ट्झच्या आसपास येतो. कागदावर हे जुळताना फार समाधान वाटलं. एवढा वेळ जी भाषा बंद होती ती अक्षर-अक्षर लागत होती. डीटीडीची संख्या सांगणारी टोटलडीटीडीकाउंटची ओळही बदलायला विसरू नका, आणि मूळ आयएनएफची प्रत बाजूला ठेवा.

ड्रायव्हर पुन्हा बसवला, आणि यादीत १३६६×७६८ हजर. पेजमेकर उघडून एक वर्तुळ काढलं, पडद्याला पट्टी लावली: आडवं आणि उभं माप एकच. आप्पांनी चष्मा लावून जुनी एक पत्रिका उघडली, "श्री" मोठा करून पाहिला आणि लगेच दोन ओळींमधलं अंतर दुरुस्त करायला बसले.

आता फ्यूज का गेला? माझा दाट संशय अर्थिंगवर आहे. घराचं वायरिंग जुनं, आणि ज्या बोर्डावर मशीन आहे तिथे अर्थिंगची तार नुसती नावाला. एसएमपीएसच्या (संगणकाच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला एकेक कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग नसेल तर पत्रा मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा, हाताला झिणझिण्या येण्यापुरता. पण मशीन चालू असताना व्हीजीए जोडलं की पत्र्याऐवजी एखाद्या पिनेतून तो निसटू शकतो. सीआरटी जाताना काय काय झालं असेल ते वेगळंच. तेव्हा मिरगाच्या आधी परसात खड्डा, कोळसा-मीठ आणि नवी तार. इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलंय. तोवर व्हीजीएला हात लावायचा तर आधी मशीनचा आणि मॉनिटरचा, दोन्ही प्लग भिंतीतून बाहेर.

योजनेत मात्र बदल. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये ८४०० जीएस हे ग्राफिक्स कार्ड टाकायचं मागे म्हटलं होतं, ते रद्द. बोर्डावरच्याच ग्राफिक्सवर आता मनासारखं दिसतंय, आणि त्या कार्डाचा छोटा पंखा आमच्याकडच्या धुळीत लवकर जाम होतो. ते पैसे एसएसडीकडे वळवतो. जी-३१ च्या जोडीचा आयसीएच ७ (डिस्क सांभाळणारी चिप) साटा दोनच्या गतीचा, म्हणजे साधी १२० जीबीचीही पुष्कळ. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: मॉनिटरचे १२८ बाइट फाइल करून ठेवले आहेतच, तर लिनक्समध्ये कर्नलला बूटच्या वेळी तीच फाइल ईडीआयडी म्हणून देता येते. उद्या तार पुन्हा मेली तरी निदान लिनक्स अडणार नाही. एसएसडी येण्याआधी हेच करून बघतो.

तुमच्यापैकी कोणाकडे जी-४१ चिपसेटचा बोर्ड आणि एक्सपी ही जोडी असेल तर तिथल्या आयएनएफमध्ये डीटीडीच्या ओळी आहेत का, ते कळवा. खानापूरच्या एका मित्राचं तसलं मशीन पुढच्या रविवारी येतंय, त्यालाही १३६० चाच त्रास आहे.